शेवट ठाऊक असलेला रहस्यपट : फ्रेंच सिने-क्लब आणि आंरी-जॉर्ज क्लूझो

रहस्यपट एकदाच पाहायचा असतो, गुन्हेगार कोण हे कळल्यावर त्यात पाहण्यासारखे काही उरत नाही, अशी प्रेक्षकांची आणि बऱ्याच समीक्षकांचीही समजूत असते. सिने-क्लब ही संस्था मात्र याच्या नेमक्या उलट गृहीतकावर उभी आहे, कारण तेथे चित्रपटाविषयी आधी बोलले जाते, मग तो दाखवला जातो, त्यानंतर त्यावर चर्चा होते, आणि जमलेल्यांपैकी अनेकांनी तो पूर्वी पाहिलेलाही असतो. त्यामुळे एखाद्या रहस्यपट-दिग्दर्शकाचे सगळे चित्रपट ओळीने दाखवण्याचा उपक्रम, ज्याला आपल्याकडील महोत्सवांत सिंहावलोकन म्हटले जाते, हा वरवर पाहता स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेण्याचा प्रकार वाटतो. फ्रान्समध्ये मात्र असे उपक्रम अनेक दशके होत आले आहेत, आणि त्यांतून ज्या दिग्दर्शकाची खरी ताकद सर्वांत स्पष्टपणे दिसते तो म्हणजे आंरी-जॉर्ज क्लूझो (1907–1977). त्याने पूर्ण लांबीचे अवघे 11 चित्रपट केले आणि एक अर्धवट सोडला. एका हंगामात, दर पंधरवड्याला एक याप्रमाणे, संपूर्ण दिग्दर्शक पाहून होतो. त्या दृष्टीने त्याची कारकीर्द जणू सिने-क्लबच्या सोयीनेच बेतलेली आहे.

सिने-क्लब म्हणजे तिकीट विकून चालणाऱ्या चित्रपटगृहाच्या बाहेर, सभासदांच्या वर्गणीवर चालणारे चित्रपट-मंडळ. या कल्पनेला फ्रान्समध्ये नाव आणि रूप मिळाले ते पहिल्या महायुद्धानंतर लगेच. लेखक आणि दिग्दर्शक लुई देल्युक याने 1920 मध्ये याच नावाचे नियतकालिक सुरू केले, तर चित्रपटाला ‘सातवी कला’ हे बिरुद देणाऱ्या रिचोत्तो कानुदो या इटालियन लेखकाने पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये या कलेच्या मित्रांचे मंडळ स्थापन केले. ही मंडळे लेखक, चित्रकार आणि संगीतकार यांची, म्हणजे मूठभरांची होती. हे चित्र बदलण्याचा पहिला मोठा प्रयत्न 1928 मध्ये समीक्षक लेऑन मुसिनाक आणि त्याच्या साम्यवादी सहकाऱ्यांनी ‘स्पार्टाकसचे मित्र’ या मंडळाद्वारे केला. सार्वजनिक प्रदर्शनाला परवानगी नसलेले सोव्हिएत चित्रपट खासगी सभेच्या नावाखाली दाखवायचे, ही त्यांची युक्ती इतकी यशस्वी ठरली की सभासदसंख्या काही महिन्यांतच हजारोंच्या घरात गेली, आणि पॅरिसचा पोलीसप्रमुख जाँ शियाप याच्या दबावाखाली त्याच वर्षी मंडळाला गाशा गुंडाळावा लागला. सभासदांपुरता खेळ आणि जनतेसाठीचा खेळ यांतील हा कायदेशीर फरक पुढे सिने-क्लब चळवळीचा कणा ठरला.

चळवळीला खरा बहर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. जर्मन ताब्याच्या चार वर्षांत अमेरिकी चित्रपट दिसेनासे झाले होते, तो अनुशेष भरून काढण्याची भूक होती. शिवाय प्रतिकार-चळवळीतून आलेल्या लोकशिक्षण-संघटना कामगारांपर्यंत आणि लहान गावांपर्यंत कला नेण्याच्या ध्येयाने भारावलेल्या होत्या. सिने-क्लबांचे महासंघ स्थापन झाले, आणि 16 मिलिमीटरच्या फिल्मवरील प्रती, ज्या नेहमीच्या 35 मिलिमीटर प्रतींपेक्षा हलक्या असतात आणि सुटसुटीत यंत्रावर दाखवता येतात, शाळांत, कारखान्यांत आणि नगरपालिकांच्या सभागृहांत पोहोचू लागल्या. या चळवळीचा सर्वांत थोर शिक्षक म्हणजे समीक्षक आंद्रे बाझँ. प्रकृतीने नाजूक आणि बोलताना अडखळणारा हा माणूस कामगारांसमोर चित्रपट लावून त्यांच्याशी तासन्‌तास चर्चा करत असे, आणि त्याच्या गाजलेल्या निबंधांपैकी काहींची मांडणी अशा चर्चांतूनच घडली. 1948 मध्ये सोळा वर्षांच्या एका मुलाने स्वतःचा सिने-क्लब काढला आणि त्याच वेळी खेळ ठेवणाऱ्या बाझँला वेळ बदलण्याची गळ घालायला तो थेट त्याच्याकडे गेला. तो मुलगा म्हणजे फ्रान्स्वा त्रुफो. क्लब कर्जात बुडाला, पण ती ओळख टिकली, आणि फ्रेंच चित्रपटाच्या पुढच्या इतिहासावर तिचा ठसा उमटला.

सिने-क्लबच्या संध्याकाळचे तीन भाग ठरलेले असतात. आधी सादरीकरण, म्हणजे सूत्रधाराने चित्रपटाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे, मग खेळ, शेवटी चर्चा. सूत्रधारांच्या मदतीसाठी प्रत्येक चित्रपटाची टिपणे छापली जात, ज्यांत निर्मितीचा तपशील, प्रसंगांची विभागणी आणि चर्चेला सुचवलेले प्रश्न असत. हा साचा जगभर गेला आणि भारतातही आला. 1947 मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली, 1959 मध्ये देशभरातील सोसायट्यांचा महासंघ उभा राहिला, आणि 1968 मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. सभासदांपुरत्या खेळांना सेन्सॉरच्या कात्रीतून मिळणारी सवलत हे येथेही मोठे आकर्षण होते, आणि काही सभासदांची कलाभक्ती त्या सवलतीपुरतीच मर्यादित होती, हे चळवळीतील जुन्या कार्यकर्त्यांनी कधी लपवलेले नाही.

क्लूझोच्या मालिकेत सूत्रधाराची पहिली कसोटी दुसऱ्याच चित्रपटाला लागते. क्लूझो पश्चिम फ्रान्समधील निऑर गावचा. 1930 च्या दशकाच्या आरंभी तो बर्लिनमध्ये जर्मन चित्रपटांच्या फ्रेंच आवृत्त्यांवर काम करत होता. तेथे जर्मन अभिव्यक्तिवादाची, म्हणजे मनातील भय छायाप्रकाशाच्या तीव्र विरोधातून पडद्यावर आणणाऱ्या शैलीची, त्याला जवळून ओळख झाली. पुढे क्षयाने त्याला गाठले आणि काही वर्षे आरोग्यधामात काढावी लागली. तो बाहेर आला तेव्हा युद्ध तोंडावर होते, आणि फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर काम मिळाले ते कॉन्टिनेंटल फिल्म्स या जर्मन पैशावर पॅरिसमध्ये चालणाऱ्या कंपनीत. तेथे त्याने 1942 मध्ये ‘लासासँ आबित ओ व्हँतेएँ’, म्हणजे ‘खुनी एकवीस नंबरात राहतो’, हा हलकाफुलका रहस्यपट केला, आणि पुढच्या वर्षी ‘ल कॉर्बो’, म्हणजे ‘डोमकावळा’.

‘ल कॉर्बो’ची गोष्ट एका लहान फ्रेंच गावाची आहे. ‘कावळा’ अशी सही असलेली निनावी पत्रे घरोघर येऊ लागतात. सुरुवातीला नव्या डॉक्टरवर बेकायदा गर्भपाताचे आणि व्यभिचाराचे आरोप, मग एकेका प्रतिष्ठिताचे बिंग, आणि बघता बघता सगळे गाव एकमेकांकडे संशयाने पाहू लागते. पटकथाकार लुई शाव्हाँसने हे कथानक तूल या शहरात पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू होऊन 1922 पर्यंत चाललेल्या खऱ्या निनावी पत्रांच्या प्रकरणावरून घेतले होते, आणि ते लिहिले होते नव्या युद्धाच्या आधी. मात्र चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा फ्रान्समध्ये शेजारी शेजाऱ्याविरुद्ध अधिकाऱ्यांना निनावी पत्रे पाठवत होता, त्यामुळे पडद्यावरचे गाव प्रेक्षकांना परके वाटण्याची शक्यताच नव्हती. जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी राजवटीच्या समर्थकांना आणि कॅथलिक वर्तुळांना तो अनैतिक वाटला. भूमिगत प्रतिकार-पत्रांनी त्याला देशद्रोही ठरवले, कारण फ्रेंच माणसांना नीच दाखवणारा चित्रपट जर्मन कंपनीने काढला होता. दोन्ही बाजूंच्या शिव्या एकाच वेळी खाण्याचा मान फार थोड्या चित्रपटांना मिळतो. मुक्तीनंतर मुख्य भूमिका करणारे पिएर फ्रेने आणि जिनेत लक्लेर यांना काही काळ तुरुंगात राहावे लागले, क्लूझोवर आजन्म बंदी घालण्यात आली, आणि सार्त्र, कोक्तो, कार्ने अशा लेखक-दिग्दर्शकांनी बाजू मांडल्यानंतर ती दोन वर्षांवर आली.

ही हकीकत सादरीकरणात किती सांगावी, हा प्रश्न साधा नाही. सगळी सांगितली तर प्रेक्षक चित्रपटाऐवजी खटला पाहतो. काहीच सांगितली नाही तर 1943 साली त्या अंधारात बसलेल्या माणसाच्या पोटात कोणता गोळा उठला असेल, हे त्याला कळत नाही. यावर उत्तर चित्रपटातच सापडते, आणि ते गुन्हेगाराच्या नावात नाही. एका प्रसंगात वृद्ध मनोविकारतज्ज्ञ आणि तरुण डॉक्टर माणसांतील भल्याबुऱ्याविषयी वाद घालत असतात. डॉक्टरला दोन्ही बाजू स्पष्ट वेगळ्या दिसतात, तेव्हा म्हातारा टांगलेल्या दिव्याला झोका देतो आणि प्रकाश व अंधार यांची सीमा खोलीभर, त्या दोघांच्या चेहऱ्यांवरून, टेबलावरच्या पृथ्वीगोलावरून पुढेमागे सरकू लागते. दिवा थांबवायला गेलेल्या डॉक्टरचा हात भाजतो. पत्रे कोण लिहितो हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला हा प्रसंग अधिक अस्वस्थ करतो, कारण पहिल्या वेळी जे तत्त्वचिंतन वाटते ते दुसऱ्या वेळी कुणाच्या तोंडी आहे याचे भान सुटत नाही. त्रुफोने पौगंडावस्थेत हा चित्रपट इतक्या वेळा पाहिला की त्याचे संवाद त्याला पाठ झाले होते; रहस्य पहिल्या खेळातच संपले असताना तो पुन्हा पुन्हा काय पाहत होता, याचे उत्तर त्या दिव्याच्या झोक्यात आहे.

बंदी उठल्यावर 1947 मध्ये आलेला ‘के देझ ऑर्फेव्र’ हा क्लूझोच्या सर्व चित्रपटांतील सर्वांत माणुसकीचा, आणि सिने-क्लबच्या चर्चेत सहसा सर्वांचा लाडका ठरेल असा. शीर्षकातील घाट सीन नदीकाठचा, पॅरिसच्या गुन्हे-पोलिसांच्या तेव्हाच्या मुख्यालयाचा. बेल्जियन लेखक स्टेमान याच्या कादंबरीची प्रत हाती नसताना क्लूझोने ती आठवणीवरून रूपांतरित केली. खून कुणी केला हा कादंबरीचा गाभा त्याच्या हाती आला तेव्हा मागे सरला आणि पुढे आले ते संगीतगृहाचे पडद्यामागचे जग, नाताळातली थंडी, आणि लुई जूव्हेने साकारलेला दमलेला, उपरोधिक पोलीस निरीक्षक. एका छायाचित्रकार स्त्रीच्या मनातील न बोललेले प्रेम, जे एका स्त्रीवरच आहे, हा निरीक्षक एका वाक्यात ओळखतो आणि तिला आपल्याच जातीची म्हणून बाजूला सोडून देतो. 1947 च्या मानाने हा प्रसंग थक्क करणारा आहे. चित्रपटाला व्हेनिसमध्ये दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले, आणि दोन वर्षांनी ‘मानों’ने तेथील सर्वोच्च सन्मान मिळवला. ‘मानों’ आज त्या सन्मानाइतका मोठा वाटत नाही. त्यानंतरची ‘मिकेत ए सा मेर’ ही प्रहसनवजा विनोदिका मालिकेतून कुणी गाळली तर त्याला दोष देता येणार नाही.

1953 मध्ये ‘ल सालेर द ला पर’, म्हणजे ‘भयाचे वेतन’, याने बर्लिनचा आणि कानचा असे दोन्ही सर्वोच्च पुरस्कार एकाच वर्षी पटकावले. दक्षिण अमेरिकेतील एका उजाड गावात अडकलेल्या परदेशी भणंगांपैकी चौघांना एक अमेरिकी तेल कंपनी कामावर घेते: दूरच्या तेलविहिरीला लागलेली आग विझवण्यासाठी दोन ट्रकांतून नायट्रोग्लिसरीन न्यायचे, जे जरा जोराने हिंदकळले तरी फुटते. दक्षिण अमेरिका भासणारा हा सगळा मुलूख प्रत्यक्षात दक्षिण फ्रान्समध्ये उभारलेला होता. अडीच तासांच्या या चित्रपटात पहिला जवळजवळ एक तास ट्रक सुरूच होत नाहीत. उकाडा, उधारी, रिकामटेकडेपणा आणि एकमेकांवरची कुरघोडी यांतच तो जातो, आणि नव्या प्रेक्षकांची चुळबुळ येथे हमखास ऐकू येते. हा तास आवश्यक आहे. कोण किती शूर आहे याविषयी गावातल्या सावलीत बसून जे ठरवलेले असते ते रस्त्यावर एकेक करून उलटे होते, आणि वयाने मोठा, दरारा असलेला ‘जो’ नावाचा माणूस आतून पोकळ निघतो; तो तास नसता तर हे पतन कळलेच नसते. अमेरिकेत दाखवताना कंपनीवरील टीकेचा बराच भाग कापला गेला होता, त्यामुळे कोणती आवृत्ती दाखवली जात आहे हे सिने-क्लबच्या टिपणात नोंदवणे भाग असते.

याच चित्रपटातील एक क्षण ताण म्हणजे काय हे शिकवण्यासाठी दाखवला जातो. ताण ही आश्चर्याहून वेगळी गोष्ट आहे: आश्चर्यात प्रेक्षकाला काही ठाऊक नसते, ताणात त्याला पुरेसे ठाऊक असते आणि म्हणूनच तो घाबरतो. मागच्या ट्रकमध्ये हाच ‘जो’ सिगारेट वळत बसलेला असतो. एकाएकी कागदावरची तंबाखू वाऱ्याने उडून जाते, क्षणभर उजेड पडतो, आणि पुढच्या ट्रकचे काय झाले ते कळते. स्फोट जवळून दाखवलेला नाही, मरणारी माणसे दाखवलेली नाहीत, हवेचा धक्का तेवढा एका चिमूटभर तंबाखूवर नोंदवलेला आहे. पहिल्यांदा पाहताना हा धक्का असतो. दुसऱ्यांदा पाहताना प्रेक्षक त्या बोटांकडे आधीपासून पाहत राहतो, आणि तंबाखू अजून जागेवर आहे एवढ्यानेच त्याचा श्वास अडकतो. शेवट ठाऊक असल्याने रहस्यपट मरतो, हे म्हणणे क्लूझोला लागू पडत नाही ते यामुळे.

असे असले तरी ‘ले दियाबोलिक’ (1955) हा या मालिकेतील अपवाद मानला पाहिजे. मुलांच्या एका खासगी निवासी शाळेचा क्रूर संचालक, त्याची हृदयविकाराने खंगलेली पत्नी आणि त्याची प्रेयसी. या दोन स्त्रिया मिळून त्याचा काटा काढायचे ठरवतात. मूळ कादंबरी बुआलो-नार्सजाक या लेखकजोडीची. तिचे हक्क हिचकॉकलाही हवे होते असे सांगितले जाते, आणि पुढे याच जोडीच्या दुसऱ्या कादंबरीवर त्याने ‘व्हर्टिगो’ केला. चित्रपटाच्या अखेरीस प्रेक्षकांनी शेवट मित्रांना सांगून त्यांचा रस घालवू नये, अशी विनंती पडद्यावर येते. त्यामुळे सूत्रधाराची पंचाईत होते: खेळाआधी कथेविषयी काही बोलायचे नाही, आणि खेळानंतर मोकळेपणाने बोलायचे तर पुढच्या वेळी येणाऱ्यांचे काय? पार्श्वसंगीताचा जवळजवळ संपूर्ण अभाव, पाण्याचा, पावलांचा आणि दारांचा आवाज, पोहण्याच्या तलावाचे गढूळ पाणी, सिमोन सिन्योरेचा थंड चेहरा, यांविषयी आधी बोलता येते, आणि तेवढे पुरते. अर्थात येथे क्लूझो ताणापेक्षा आश्चर्यावर अधिक विसंबला आहे, आणि दुसऱ्या पाहण्यात या चित्रपटातून खरोखरच काहीतरी निसटते, हे मान्य करायला हवे. बहुतेक देशांत तो त्याचा सर्वांत प्रसिद्ध चित्रपट ठरला ही गोष्ट म्हणूनच थोडी अन्यायाची वाटते.

खून, पोलीस आणि प्रेत यांपैकी काहीही नसलेला क्लूझोचा सर्वांत शुद्ध रहस्यपट लगेच पुढच्या वर्षी आला, आणि तो माहितीपट होता. ‘ल मिस्तेर पिकासो’ (1956) मध्ये पिकासो अशा कागदावर चित्र काढतो ज्यातून शाई आरपार उमटते. कॅमेरा कागदाच्या मागे असल्यामुळे चित्रकार दिसत नाही, त्याचा हात दिसत नाही, रेषा मात्र कोऱ्या पडद्यावर आपोआप उमटत जातात. एक रेघ येते, प्रेक्षक तिला फूल समजतो, ते मासा होते, माशाची कोंबडी होते. पुढचे काही ठाऊक नसणे आणि ते जाणण्याची अधीरता, एवढ्या दोन गोष्टींवर हा सगळा चित्रपट चालतो, आणि एका प्रसंगी कॅमेऱ्यात किती फिल्म उरली आहे याची मोजणी सुरू करून क्लूझो त्यात वेळेची शर्यतही आणतो. बाझँने या चित्रपटावर लिहिताना लक्ष वेधले ते येथे काळ हाच चित्राचा विषय झाला आहे याकडे: पूर्ण झालेले चित्र ही त्याच्या अनेक अवस्थांपैकी केवळ शेवटची अवस्था, आणि तिच्याखाली गाडल्या गेलेल्या अवस्था चित्रपटाने जिवंत ठेवल्या. 1984 मध्ये फ्रेंच शासनाने या चित्रपटाला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला. सिने-क्लबमध्ये तो ‘ले दियाबोलिक’च्या लगेच नंतर दाखवावा, कारण आधीच्या खेळाला शेवट न सांगण्याची शपथ घेतलेल्या प्रेक्षकांना येथे सांगण्याजोगा शेवटच सापडत नाही.

क्लूझोविषयी कोणतीही प्रामाणिक चर्चा त्याच्या कामाच्या पद्धतीपाशी येऊन अडते. नटांकडून हवा तो भाव मिळवण्यासाठी तो त्यांना दमवत असे, चिडवत असे, आणि प्रसंगी हात उगारण्यापर्यंत त्याची मजल जात असे, हे त्याच्याबरोबर काम केलेल्या अनेकांनी सांगितले आहे. या पद्धतीची परिणती 1964 मध्ये ‘लांफेर’, म्हणजे ‘नरक’, या चित्रपटाच्या वेळी दिसली. हॉटेल चालवणाऱ्या एका नवऱ्याचा मत्सर वेडाच्या टोकाला जातो, त्याची ही गोष्ट. वास्तव कृष्णधवल आणि मत्सराचे भास रंगीत, अशी योजना होती. अमेरिकी कंपनीने पैशाला मर्यादा ठेवली नाही. रंग उलटे करण्याचे प्रयोग, फिरत्या दिव्यांखाली नायिका रोमी श्नायडरच्या चेहऱ्याच्या चाचण्या, असे महिनोन्‌महिने चालले. गाराबीच्या रेल्वेपुलाजवळच्या ज्या सरोवराकाठी चित्रीकरण होते त्याचे पाणी वीज कंपनी ठरलेल्या तारखेला सोडणार असल्यामुळे दिवस मोजके होते, तरी क्लूझो तेच तेच प्रसंग पुन्हा घेत राहिला. नायक सेर्ज रेजियानी आजारी होऊन निघून गेला, आणि थोड्याच दिवसांत क्लूझोला हृदयविकाराचा झटका आल्याने चित्रीकरण तीन आठवड्यांतच थांबले. 185 डबे फिल्म तशीच पडून राहिली. पटकथेवर क्लोद शाब्रोलने 1994 मध्ये स्वतंत्र चित्रपट केला, आणि मूळ चित्रफितींवरून सेर्ज ब्रॉम्बेर याने 2009 मध्ये माहितीपट तयार केला, ज्यात संवादांचे ध्वनिमुद्रण नसल्यामुळे काही प्रसंग आजच्या दोन नटांनी वाचून दाखवले आहेत.

मालिकेचा क्रम लावताना हा माहितीपट कुठे ठेवावा, यावर मतभेद होऊ शकतात. निर्मितीच्या वर्षाने चालायचे तर तो सर्वांत शेवटी यावा, क्लूझोच्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनी तयार झालेला म्हणून. परंतु क्लूझोचा शेवटचा पूर्ण चित्रपट ‘ला प्रिझॉनिएर’ (1968) गतिमान कलाकृतींच्या दालनात घडतो, आणि त्याच्या अखेरच्या भ्रमदृश्यात रंग, आकृती आणि चेहरे यांचा जो झंझावात येतो तो ‘लांफेर’साठी केलेल्या प्रयोगांतूनच निघालेला आहे. ‘लांफेर’चे तुकडे न पाहिलेल्या प्रेक्षकाला ते दृश्य साठच्या दशकातील फॅशनचा नमुना वाटून जाते, आणि चित्रपटाची उपेक्षा झाली ती बहुधा अशीच. म्हणून माहितीपट आधी आणि ‘ला प्रिझॉनिएर’ शेवटी, हा कालक्रम मोडणारा क्रम अधिक योग्य ठरतो. हे तुकडे 1968 च्या प्रेक्षकांनी पाहिलेले नव्हते, आजच्या सभागृहातील प्रेक्षकांना ते दाखवता येतात.